एलिक्स बोर्डवर ओपनबीएसडी: ‘एंट्री पॉइंट’ या ओळीनंतर सीरियल कन्सोल गप्प

तारजोड:
माझ्याकडे पीसी इंजिन्सचा जुना एलिक्स 2डी13 (छोटा सिंगल-बोर्ड संगणक) आहे. त्याला व्हीजीए (मॉनिटर जोडण्याची सोय) नसल्यामुळे आत शिरायला सीरियल पोर्ट एवढीच वाट आहे. ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम मी लॅपटॉपला कार्ड रीडर जोडून सीएफ मेमरी कार्डावर बसवली आणि ते कार्ड बोर्डात घातले. मिनिकॉम या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये वेग 38400 ठेवला की मेमरीची मोजणी आणि ‘बूट’चा प्रॉम्प्ट स्वच्छ दिसतो, मात्र तेथे टाइप केलेले एकही अक्षर उमटत नाही, आणि पाच सेकंदांनी कर्नल (सिस्टिमचा गाभा) लोड होऊन ‘एंट्री पॉइंट ॲट’ ही ओळ आली की पुढे सारे शांत. 9600 आणि 115200 हे वेगही पाहिले. नेटवर्कवरून केलेल्या पिंगलाही उत्तर नाही. बोर्ड गेला असे समजावे काय?

जुनी केबल:
बोर्ड ठणठणीत आहे. आपल्याकडे दोन स्वतंत्र दोष एकत्र आले आहेत. अक्षरे दिसतात पण जात नाहीत, याचे नेहमीचे कारण म्हणजे मिनिकॉममधील हार्डवेअर फ्लो कंट्रोल. तीनच तारांच्या नल मोडेम केबलमध्ये (दोन यंत्रे थेट जोडणारी केबल) सीटीएसची, म्हणजे ‘आता पाठवा’ अशी परवानगी देणारी तार नसते, त्यामुळे मिनिकॉम परवानगीची वाट पाहत बसतो. कंट्रोल-ए, मग ओ दाबून सीरियल पोर्टच्या सेटिंगमध्ये ते बंद करा.

दुसरा दोष असा, की आतापर्यंत आपण पाहिलेला मजकूर ओपनबीएसडीच्या सीरियल कन्सोलचा नव्हताच. बूटलोडर (कर्नल लोड करणारा प्रोग्रॅम) बायॉसमार्फत, म्हणजे बोर्डातील मूळ सॉफ्टवेअरमार्फत, स्क्रीनवर लिहीत होता आणि बायॉस ते सीरियलकडे वळवत होते. कर्नलने ताबा घेताच बायॉस बाजूला झाले, आणि कर्नल नसलेल्या व्हीजीएकडे लिहू लागला. प्रॉम्प्टवर आधी ‘एसटीटीवाय कॉम0 38400’ आणि नंतर ‘सेट टीटीवाय कॉम0’ द्या (कॉम0 म्हणजे पहिला सीरियल पोर्ट). क्रम उलटा केलात तर कन्सोल 9600 वर जाईल आणि पडद्यावर कचरा दिसेल.

रात्रपाळी:
वरील उपायाने कर्नलचे संदेश दिसतील, पण लॉगिन येणार नाही. इन्स्टॉलर सीरियलवरून चालवला असता तर त्याने कॉम0 बद्दल विचारून सर्व नोंदी स्वतःच केल्या असत्या. लॅपटॉपवर तसे झाले नाही. म्हणून ‘बूट -एस’ने सिंगल यूजरमध्ये (दुरुस्तीसाठीच्या अवस्थेत) जा, डिस्कवर लिहिता यावे म्हणून ‘माउंट -यूडब्ल्यू /’ करा आणि वरच्या दोन्ही ओळी ईटीसीमधील बूट.कॉन्फमध्ये लिहा. त्याच डिरेक्टरीतील टीटीवायएस फाइलमध्ये टीटीवाय00 च्या (त्याच सीरियल पोर्टच्या) ओळीत वेग एसटीडी.38400, टर्मिनल व्हीटी220 आणि ‘ऑफ’च्या जागी ‘ऑन सिक्युअर’ करा. ‘सिक्युअर’ विसरलात तर रूटचे (प्रशासकाचे) लॉगिन नाकारले जाईल. (व्हीआय हा संपादक हवा असल्यास आधी यूएसआर माउंट करावे लागेल; मी अशा वेळी ईडी वापरतो.)

काही जण मेमरीची मोजणी चालू असताना एस दाबून बायॉसचाच वेग 9600 करतात. ते चुकीचे नाही, पण मला 38400 सोडवत नाही.

तारजोड:
फ्लो कंट्रोल बंद करताच अक्षरे उमटली आणि पुढचे सर्व सांगितल्याप्रमाणे झाले. पिंगचे कारणही सापडले: कार्डावर लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डासाठीची होस्टनेम.ईएम0 फाइल होती, आणि बोर्डावरील पोर्ट व्हीआर0 आहे. फाइलचे नाव बदलून पुन्हा सुरू केले. आता एसएसएचनेही (नेटवर्कवरून) लॉगिन होते.