लाडूची हजामत: घरी की ग्रूमरकडे?

प्रेषक: लाडूची आई
रविवार, १० ऑगस्ट, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी,

ही मेल-यादी आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाची आणि माझा विषय गणपतीचा नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. पण आपल्यातल्या बऱ्याच घरांत कुत्री आहेत हे पिकनिकला पाहिलंय, म्हणून इथेच विचारते.

आमचा लाडू दहा महिन्यांचा, मिनी गोल्डनडूडल (गोल्डन रिट्रीव्हर आणि पूडल यांची मिश्र जात). आत्तापर्यंत ग्रूमरकडे (कुत्र्यांचे केस कापणाऱ्यांकडे) जायचा. मधे आम्ही सुट्टीवर गेलो आणि दोन वेळा चुकल्या. काल फोन केला तर पहिली अपॉइंटमेंट ५ सप्टेंबरची! २७ला आमच्याकडे गणपती बसतात, दर्शनाला साठ-सत्तर माणसं येतील, आणि लाडू सध्या जुन्या पायपुसण्यासारखा दिसतोय. दुसऱ्या एका ठिकाणी २२ तारीख मिळतेय, पण त्यांनी १३५ डॉलर सांगितले. गुंता असेल तर त्याचे वेगळे, वर टीप. माझा स्वतःचा हेअरकट ४५ मध्ये होतो हो.

नवरा म्हणतो, क्लिपर (केस कापायचं मशीन) आणू, यूट्यूब बघू, होऊन जाईल. याच नवऱ्यानं २०२०मध्ये मुलाचे केस कापले होते, त्याचे फोटो अजून माहेरच्या ग्रुपवर फिरतात. सासरे यवतमाळहून आलेत, त्यांचं म्हणणं, श्रावणात हजामत करायचीच नाही.

घरी कुणी करतं का? काय काय लागतं?

लाडूची आई, एडिसन, न्यू जर्सी

प्रेषक: टायगरचे बाबा
रविवार, १० ऑगस्ट, रात्री १०:१५

वहिनी, १३५ डॉलर म्हणजे शुद्ध लूट. चाळीस डॉलरचा क्लिपर आणा आणि विषय संपवा. आमच्या टायगरला (हस्की) मी दर उन्हाळ्यात गॅरेजमध्ये पूर्ण भादरतो, बिचाऱ्याला या उकाड्यात तेवढंच बरं वाटतं. शाम्पू आपलाच, घरातला. अर्ध्या तासात काम फत्ते. ग्रूमर काही आभाळातून पडलेले नसतात.

प्रेषक: सचिव
सोमवार, ११ ऑगस्ट, सकाळी ७:०५

रिप्लाय-ऑल करताना कृपया विषय तपासा. हजामतीच्या तीन मेल स्वयंसेवकांच्या यादीखाली आल्या आहेत, आणि हजामतीच्या खाली दोघांनी उकडीच्या मोदकांची ऑर्डर दिली आहे. ती धरली आहे. लेझीमचा सराव शनिवारी चार वाजताच, मागच्या वेळसारखा पाचला नाही.

प्रेषक: मोतीची आई
सोमवार, ११ ऑगस्ट, रात्री ११:३०

लाडूच्या आई,

(तुझं नाव ठाऊक आहे गं, पण पार्कात सगळे अशीच हाक मारतात, तीच बरी.)

मोतीची हजामत मी पाच वर्षं घरी करते. मोती शित्झू, वय अकरा. हौसेनं नाही शिकले. २०२०च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि मे उजाडेपर्यंत त्याच्या डोळ्यांवर अशा झिपऱ्या आल्या की चालता चालता फ्रीजला धडकायला लागला. तरीही तुला सांगते, या वेळी ग्रूमरकडेच ने. २२ची वेळ घे आणि पैसे दे.

का ते बघायचं असेल तर आज एवढंच कर. ब्रश नाही, स्टीलची फणी घे. लाडूच्या कानामागे कातडीला टेकवून आत घाल आणि हळूच बाहेर ओढ. मग काखेत, हार्नेसचा पट्टा बसतो तिथे, मागच्या मांड्यांच्या आत, शेपटीच्या मुळाशी. फणी अडेल तिथे गुंता. अडणारच, कारण डूडलचा पिल्लाचा मऊ कोट जाऊन मोठेपणीचा कोट साधारण याच वयात येतो आणि सुटलेला केस खाली न पडता नव्या केसांत अडकून बसतो. वरवर ब्रश फिरवला की कुत्रा छान फुललेला दिसतो, खाली मात्र घोंगडी वळली जात असते. मोतीच्या वेळी मीही फसले होते. रोज ब्रश करत होते, अगदी प्रेमानं!

गुंता असताना आधी आंघोळ घालायची नाही. पाणी लागलं की तो आवळतो आणि वाळल्यावर दगड होतो. आणि कात्रीला तर हातच लावू नकोस. गुंत्यात कातडी ओढली जाऊन वर आलेली असते, ती दिसत नाही, आणि केस समजून आपण तीच कापतो. माझी मुलगी व्हेटच्या, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांच्या, दवाखान्यात टेक्निशियन आहे. अशी टाके घालायला आलेली कुत्री ती नेहमी बघते, आणि दरवेळी मालक रडत असतो, कुत्रा नाही.

गुंत्याखालून जातो तो फक्त क्लिपर, १० नंबरच्या पात्याचा. नंबरांचं गणित उलटं आहे. नंबर मोठा तसा केस आखूड. १० नंबर दीड मिलिमीटर ठेवतो, ७एफ तीनच्या आसपास. पातं चालता चालता तापतं आणि आपल्याला कळत नाही, कारण आपला हात प्लास्टिकवर असतो आणि चटका कुत्र्याच्या पोटाला. दर थोड्या वेळानं पातं मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं असतं. कानांवरचा जाड गुंता एकदम उतरवला तर कुत्रा डोकं इतकं झटकतो की कानाच्या पाळीत रक्त साकळून ती पुरीसारखी फुगू शकते. जाणते ग्रूमर म्हणून डोक्याला सैलसा पट्टा बांधून ठेवतात. हे सगळं पहिल्यांदा, हलत्या कुत्र्यावर, मखराची तयारी चालू असताना शिकायचं नसतं.

त्याला आखूड कापून घे. विचित्र दिसेल, दिसू दे. मग नवीन केस आले की पहिल्या दिवसापासून घरी सुरू कर.

माझं घरचं काम असं. एक दिवसाआड दहा-पंधरा मिनिटं, एका हातानं केस उचलून धरायचे, खालच्या थरापासून एकेक ओळ सोडत ब्रश आणि त्यामागून फणी. फणी सरळ निघाली की मगच आंघोळ. टबमध्ये रबरी मॅट, नाहीतर पाय घसरतात आणि त्याला पाण्याचीच भीती बसते. शाम्पू कुत्र्याचाच. आपल्या कातडीचा पीएच साडेपाचच्या आसपास, त्यांचा सातच्या जवळ. शिकेकाई, रिठा मनातही आणू नका. डोळ्यांत गेलं तर झोंबतं, आणि कुत्रा अंग चाटतोच. आंघोळीनंतर मुळापर्यंत वाळवायचं, ड्रायर गार ठेवून, फणी चालू ठेवून. अर्धवट ओला सोडला की दुसऱ्या दिवशी गुंता हजर. केस पूर्ण वाळल्यावरच डोळ्यांपुढचे आणि पंजाच्या गाद्यांमधले केस बोथट टोकाच्या कात्रीनं. आपल्याकडे हिवाळ्यात तिथेच बर्फाचे गोळे आणि रस्त्यावरचं मीठ अडकतं. आणि अंगणात हरणं येतात त्या सगळ्यांना सांगते, गोचीड फणी फिरवतानाच सापडते. तिच्यातून लाइम या आजाराचा जंतू अंगात जायला ती साधारण एक-दोन दिवस चिकटून राहावी लागते, तोवर हाताला लागली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायची.

नखं मात्र मी कापत नाही. एकदा कापली. मोतीची नखं काळी, आतली जिवंत शीर दिसतच नाही. 'कट्' झालं, तो किंचाळला आणि किचनच्या पांढऱ्या फरशीवर थेंबांची रांगोळी. घरात रक्त थांबवायची पावडर नव्हती, कॉर्नफ्लॉवर दाबून धरलं, थांबलं. पण आजही नेलकटरचा आवाज आला की, अगदी मी माझी नखं कापत असले तरी, तो सोफ्याखाली जातो. दर महिन्याला व्हेटकडे वीस डॉलर मोजते आणि त्याचं दुःख करत नाही.

ग्रूमर निवडताना मात्र डोळे उघडे ठेव. एका ठिकाणी मोतीच्या कानाची कड कापली गेली. सांगितलं नाही, वर बो लावून दिला. मला घरी आल्यावर उशीवर रक्त दिसलं. न्यू जर्सीत माणसाचे केस कापायला राज्याचं लायसन्स लागतं, कुत्र्याचे कापायला लागत नाही. ते लागावं म्हणून 'बिजूज लॉ' नावाचं बिल ट्रेन्टनमध्ये, राज्याच्या विधिमंडळात, मांडलं गेलं होतं. बिजू हा शित्झू, ग्रूमरकडे सोडलेला परत घरी आला नाही. तेव्हा विचार की पिंजऱ्यात बंद करून गरम हवेनं वाळवता का, कापताना काचेतून बघता येतं का, काही लागलं तर फोन करता का. आणि रेबीजचं सर्टिफिकेट मागत नसतील तर तिथून तशीच परत ये.

टायगरचे बाबा, राग मानू नका, पण हस्कीला भादरू नये. त्याच्या दोन थरांपैकी आतली लोकर थंडीत ऊब धरते, वरचे राठ केस ऊन अडवतात. ते काढले की कातडी उन्हात भाजते. तो गार होतो मुख्यतः धापा टाकून. वसंतात आणि पानगळीत लोकर सुटते तेव्हा दाताळ्यासारखा रेक मिळतो, तो चालवा. तेवढ्यानं बरंच हलकं वाटेल त्याला.

जाता जाता. कुत्र्याला शांत ठेवायला लोक पीनट बटर चाटायला देतात. लेबलवर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) किंवा 'बर्च शुगर' दिसलं तर नको, ते विष आहे. आणि येणाऱ्या दिवसांत पंचखाद्यातले बेदाणे जमिनीवर सांडू देऊ नका. त्यांनी कुत्र्याच्या किडन्या जाऊ शकतात.

फार झालं. झोपते.

मोतीची आई

प्रेषक: लाडूचे आजोबा (मुलाच्या ईमेलवरून)
मंगळवार, १२ ऑगस्ट, सकाळी ५:५०

स. न. वि. वि.

सूनबाईंनी माझा उल्लेख केला म्हणून लिहितो. श्रावणाचं मी माणसांबद्दल बोललो होतो. लाडूला श्रावण लागू नाही. काल त्याने माझ्या ताटातली भगर खाल्ली आणि वर श्रावणी सोमवारच्या नैवेद्याकडे पाहत बसला.

मोतीच्या आईंचं पत्र दोनदा वाचलं. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. जू घासून घासून बैलाचा खांदा निबर होतो, तिथे हळद-तूप चोळून शेकायचं. सकाळी नदीवर नेऊन अंग घासायचं, शिंगं रंगवायची, झूल घालायची. हे सगळं घरच्यांनी. हात सगळ्या अंगावरून फिरला पाहिजे, गोचीड कुठे, गळू कुठे, कुठे हात लावला की तो अंग चोरतो, ते तेव्हाच समजतं. पण पत्री मारायला मात्र नालबंद. बैल पाडायचा, पाय बांधायचे, खुराला नाल ठोकायचा. माझ्या वडिलांनी आयुष्यभर बैल पोसले, नालाचा खिळा एकदाही हातात धरला नाही. एक खिळा आत गेला की पेरणीच्या तोंडावर बैल लंगडा.

इथे संध्याकाळी मला काम नसतं. मुलगा-सून मीटिंगमध्ये, नातू आयपॅडमध्ये. फणी मी करीन. कोणती घ्यायची तेवढं कळवावं.

प्रेषक: टायगरचे बाबा
मंगळवार, १२ ऑगस्ट, दुपारी १२:२०

मोतीच्या आई, राग नाही. पण एक सांगा. टायगरच्या कंबरेवर दोन ठिकाणी गेल्या वर्षीपासून केस आलेच नाहीत. थायरॉइड असेल म्हणून रक्त पण तपासलं, नॉर्मल आलं. हे भादरण्यामुळेच का?

प्रेषक: मोतीची आई
मंगळवार, १२ ऑगस्ट, रात्री ९:०५

मुलीला विचारलं. ती म्हणते, असू शकतं. उत्तरेकडच्या जातींत असं होतं, कधी वर्ष-दीड वर्ष केस येत नाहीत. व्हेटना 'भादरलं होतं' एवढं सांगितलंत का? नसेल तर सांगा, ते विचारतीलच असं नाही. चाळीस डॉलरचा क्लिपर दाढीसाठी वापरा.

काका, फणी स्टीलची, एका बाजूनं दात दाट आणि एका बाजूनं विरळ अशी. माझ्याकडे एक जास्तीची आहे. शनिवारी लेझीमला आणते. केस कापून येईपर्यंत काही करू नका, नुसते त्याचे पंजे हातात घेऊन बसत जा. बोटं दाबायची, कान उलटून बघायचे, सोडून द्यायचं. सवय लागली की पुढचं सोपं.

प्रेषक: लाडूची आई
शनिवार, २३ ऑगस्ट, सकाळी १०:१०

मंडळी, काल झालं.

ग्रूमरनं मला आत बोलावून दाखवलं. काखेतला गुंता एका तुकड्यात निघाला, अक्षरशः पायमोज्यासारखा. खालची कातडी लाल होती. मी रोज ब्रश करत होते आणि त्याला चालताना रोज ओढ बसत होती, हे बघून तिथेच डोळ्यांत पाणी आलं. ७एफनं सगळा उतरवला, पोट आणि काखा १०नं. गुंत्याचे तीस धरून १६५, वर टीप. घासाघीस नाही केली.

आता लाडू सोललेल्या बटाट्यासारखा दिसतो. कान तेवढे मोठे. नातेवाइकांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, कुत्रा बदललात का? पण काल रात्री पहिल्यांदा तो पाठीवर पडून चारही पाय वर करून झोपला.

बाबा (माझे सासरे) दहा दिवस पंजे धरून बसत होते त्याचा उपयोग झाला, ग्रूमर म्हणाली नखांना अजिबात त्रास दिला नाही. काल संध्याकाळपासून फणी सुरू झाली आहे. डेकवर खुर्ची, मांडीवर जुनं धोतर, त्यावर लाडू. फणीला लागायला केसच नाहीत अजून, तरी पंधरा मिनिटं चालतं. बाबा त्याला शेतातल्या गोष्टी सांगतात, वऱ्हाडीत.

बाबांचं परतीचं तिकीट १४ ऑक्टोबरचं आहे. पुढे ढकलता येईल का ते बघतोय. लाडूच्या फणीसाठी, असं त्यांना कळू देऊ नका.

लाडूची आई

प्रेषक: लाडूचे आजोबा (मुलाच्या ईमेलवरून)
शनिवार, २३ ऑगस्ट, सकाळी १०:३१

वाचलं.