हाताने बांधायच्या गिटार अ‍ॅम्पला बोर्ड कुठला? हायलम, ग्लास इपॉक्सी की सरळ पीसीबी (छापील सर्किट बोर्ड)?

टरेटवाला: माझं मत आधीच सांगतो, मग शिव्या घाला. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळीचा) अ‍ॅम्प हाताने बांधायचा तर ३ मिमीची, तांबं नसलेली ग्लास इपॉक्सी शीट (जी-१० किंवा एफआर-४) घ्यावी, तिच्यात टरेट (वायर गुंडाळून सोल्डर करायच्या धातूच्या खुंट्या) ठोकावेत आणि विषय संपवावा. नाहीच मिळाली तर हायलम (कागद आणि फेनॉलिक रेझिनची शीट). काळी फायबर शीट मात्र फुकट दिली तरी नको. फेंडर कंपनीच्या जुन्या गिटार अॅम्पमध्ये होती म्हणून लोक शोधत फिरतात, पण ती बनते कापसाच्या चिंध्यांच्या कागदावर झिंक क्लोराइडची प्रक्रिया करून. कापूस पाणी पितो हे सोलापूरकराला मी काय सांगू!

जुनंतेसोनं: मालक, १९६० च्या दशकातले ते फेंडर आजही वाजतायत. तुमच्या इपॉक्सीचं साठ वर्षांनी बोलू. फायबरला मेण पाजलेलं असायचं, ते बरं गाळलंत! आणि आपल्याकडे कुठली आलीय दमट हवा? हे काय रत्नागिरी आहे?

टरेटवाला: वाजतायत की, पण त्यातले बरेच कुरकुरतात. हिशोब करा. व्हॉल्व्हच्या प्लेटच्या (जिथून सिग्नल बाहेर पडतो) आयलेटवर, म्हणजे बोर्डात ठोकलेल्या पोकळ कडीवर, ३०० व्होल्ट, शेजारी पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडचं (जिथे सिग्नल आत जातो) आयलेट. ओल धरून मधल्या बोर्डाचा रोध ३०० मेगओहमवर आला तर गळती १ मायक्रोअँपिअर. ग्रिडचा रेझिस्टर १ मेगओहमचा, म्हणजे त्याच्यावर जवळजवळ १ व्होल्ट. ईसीसी८३ या छोट्या व्हॉल्व्हचा सगळा बायसच (ग्रिडचा ठरलेला स्थिर व्होल्टेज) दीड व्होल्टाच्या आसपास, त्यातला १ बोर्डानेच खाल्ला! तपासायचं तर मीटरचं काळं टोक चेसिसला, लाल टोक बोर्डाच्या कोऱ्या जागेवर. व्होल्ट दिसले की समजा बोर्ड गळतोय. एक हात खिशात ठेवून बरं का, आत ४०० च्या वर व्होल्ट असतात. आणि आपले कार्यक्रम उन्हाळ्यात थोडेच असतात? गणपतीत असतात, ऐन पावसात.

पूर्वभाग_यंत्रमाग: दोघंही शीटवरून भांडताय, वरच्या घाणीचं कोण बोलणार? आमच्याकडे मागाचा तूस उघड्या अ‍ॅम्पमध्ये आठवड्यात बसतो. त्यात फ्लक्स (सोल्डरिंगची चिकट राळ) न पुसलेला. पावसाळ्यात तोच ओल धरतो, मग खाली इपॉक्सी असो नाहीतर सोनं. सोल्डरिंग झालं की आयसोप्रोपाइल आणि ब्रशने बोर्ड घासा. आणि ते मेण तर तूस चिकटवून ठेवायलाच बरं.

टरेटवाला: हे शंभर टक्के मान्य. फक्त वरची घाण पुसता येते, आत मुरलेली ओल नाही.

पीसीबीच_बरी: अहो, हे टरेट ठोकत बसायचं कशाला? मार्शल कंपनीसुद्धा १९७० च्या दशकात पीसीबीवर गेलं. एफआर-४ वर ७० मायक्रॉन तांबं घ्या, दहा अ‍ॅम्प केले तर दहाही सारखेच. हाताच्या वायरिंगमध्ये एक वायर इकडची तिकडे झाली की शिट्टी मारायला लागतो.

जुनंतेसोनं: आणि ईएल८४ या तापणाऱ्या पॉवर व्हॉल्व्हचे सॉकेट त्याच पीसीबीवर बसवा, म्हणजे बोर्ड भाजून तपकिरी! दोनदा पार्ट बदलला की पॅड (सोल्डरची तांब्याची टिकली) उचकटून हातात.

पीसीबीच_बरी: सॉकेट बोर्डावर बसवा म्हटलं कुणी? सॉकेट चेसिसला, तिथून वायर बोर्डापर्यंत. पॉट (आवाज-टोनच्या बटणांमागचे भाग) आणि जॅकही तसेच. खराब पीसीबी म्हणजे खराब डिझाइन, त्यात एफआर-४ चा काय दोष? पॅडचं मात्र खरं आहे, वारंवार पार्ट बदलून आवाज शोधणाऱ्याने टरेटच वापरावेत.

नवीन_हात: दादा, हायलम आणि इपॉक्सीत कापायला सोपं काय?

टरेटवाला: हायलम. हॅकसॉने आरामात कापतं, मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे तुकडा मिळतो. पण कडेला भोक पाडलं की टवका उडतो, आणि एकदा ठिणगी उडाली की कोळशाची रेघ पडून तिथूनच करंट पळतो. ती जागा कोरून काढण्याशिवाय इलाज नाही. इपॉक्सी ड्रिल बिटची धार खाते, कार्बाइडचं घ्या. मास्क लावा, पाणी मारत कापा. ती काचेची धूळ आहे, अंगाला खाज आणि छातीला वाईट.

जुनंतेसोनं: मी हायलमवरच बांधणार. आयलेटऐवजी टरेट लावीन, एवढं तुमचं ऐकतो.