पॉइंट टू-टू रायफलची नळी साठ हजार गोळ्यांनंतर बदलावी का?

शिवाजी पार्ककर (प्रश्न)

माझी मुलगी बावीस वर्षांची असून ५० मीटर प्रोन (पालथे पडून) आणि थ्री पोझिशन (गुडघा टेकून, पालथे पडून व उभे राहून) या प्रकारांत नेमबाजी करते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा ती एअर रायफल सोडून या प्रकाराकडे वळली. तिच्या परवान्यावरची रायफल जर्मन बनावटीची आणि वापरलेली आहे. आधीच्या मालकांनी ठेवलेल्या वहीनुसार त्यांच्या हातून सुमारे ४५,००० गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि त्यानंतर हिने १५,००० झाडल्या. जुलैपासून तिचे प्रोनचे गुण सतत घसरत आहेत. नऊच्या वर्तुळात पडणाऱ्या गोळ्या बहुतेक वर किंवा खाली जातात, डावी-उजवीकडे फारशा जात नाहीत. सोबतच्या नेमबाजांचे मत असे पडले की नळी झिजली, आता बदलावी. हा खर्च आमच्यासारख्या कुटुंबाला एका हप्त्यात पेलणारा नाही. साठ हजारांवर रिमफायरची (काडतुसाच्या कडेवर आघात करून गोळी झाडणाऱ्या, पॉइंट टू-टूसारख्या रायफलची) नळी खरोखर संपते का, आणि ते निश्चित कसे करावे?

पन्नास मीटर (उत्तर)

केवळ ६०,००० हा आकडा पाहून नळी बदलू नये, असे मी आग्रहाने सांगेन. सेंटरफायर (काडतुसाच्या मध्यभागी आघात करणाऱ्या) रायफलींच्या नळ्या पाच-दहा हजार गोळ्यांत उतरतात हे ऐकून पुष्कळ लोक तोच हिशेब पॉइंट टू-टूला लावतात. परंतु दोन्हींच्या झिजेची कारणे वेगळी आहेत. .३०८ या सेंटरफायर काडतुसात पावणेतीन-तीन ग्रॅम दारू जळते आणि दाब दर चौरस इंचाला ६२,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे तापलेला वायूच घशाजवळचे (काडतुसाच्या लगेच पुढच्या भागातले) पोलाद खातो. .२२ लाँग रायफलमध्ये, म्हणजे पॉइंट टू-टूच्या काडतुसात, दारू ग्रॅमच्या दहाव्या भागाच्या आसपास असते, दाबाची कमाल मर्यादा २४,००० पौंड आहे, आणि गोळी मऊ शिशाची, मेणासारख्या वंगणाने माखलेली व सेकंदाला ३२०-३३० मीटर वेगाने जाणारी असते. अशी गोळी पोलादाला घासून संपवत नाही.

तरीही झीज होते, आणि ती होण्याची जागा ठरलेली असते. रिमफायरच्या कडेत भरलेल्या स्फोटक मिश्रणात घर्षणासाठी काचेची पूड मिसळतात. ही पूड आणि जळलेल्या दारूची राख चेंबरच्या (काडतूस बसते त्या जागेच्या) लगेच पुढे, नळीच्या तळाच्या बाजूला साचते व पुढची प्रत्येक गोळी ती दाबत पुढे जाते. त्यामुळे घड्याळातील सहाच्या ठिकाणी, गोळीला फिरवणाऱ्या खाचांच्या सुरुवातीलाच, पोलाद खरखरीत होते. त्याच जागी कडक कार्बनचे कडेही (वलय) तयार होते. हे कडे आणि खरी झीज यांचा परिणाम लक्ष्यावर पुष्कळदा सारखाच दिसतो. म्हणून आधी बोअरस्कोप (नळीच्या आत पाहण्याचे साधन) घालून ती जागा पाहून घ्यावी. कडे असेल तर ते साफ होते, नळी बदलावी लागत नाही.

आता वर-खाली पसरणाऱ्या गोळ्यांबद्दल. ५० मीटरवर वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला, तर केवळ त्यामुळे गोळी सात-आठ मिलिमीटर वर किंवा खाली लागू शकते, आणि दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे आहे. असा फरक पडायला नळीच झिजलेली असावी लागत नाही. फायरिंग पिनची (काडतुसावर आघात करणाऱ्या खिळ्याची) स्प्रिंग थकली असेल, पिनच्या टोकावर चिकट वंगण साचले असेल किंवा काडतुसांचा लॉट (एकत्र बनलेली खेप) बदलला असेल, तरी तेच चित्र दिसते. जुलैपूर्वी आणि जुलैनंतर एकाच लॉटची काडतुसे वापरली होती का, हे कृपया कळवावे. रायफल शिकंज्यात घट्ट बांधून, नेमबाजाला बाजूला ठेवून, निदान तीन-चार लॉटच्या प्रत्येकी चाळीस गोळ्या झाडून पाहाव्यात. दहा गोळ्यांचा एखादा सुंदर ग्रुप (लक्ष्यावरील गोळ्यांचा पुंजका) पाहून निर्णय घेऊ नये.

गिरगाव (उत्तर)

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु मुंबईत एक गोष्ट विसरता येत नाही. येथे समुद्रावरची खारी हवा आणि पावसाळ्यातील ओल नळीचे जितके नुकसान करतात, तितके नुकसान वर्षभराच्या सरावाने होत नाही. रायफल फोमच्या पेटीत महिनाभर बंद ठेवली की फोम ओल धरतो. म्हणून ती कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या वेळोवेळी बदलून ठेवावी. नळीच्या तोंडाकडून सळई घालण्याची सवय असलेल्या एका सहकाऱ्याने स्वतःच्या हाताने नळीच्या तोंडाची कडा बिघडवलेली मी पाहिली आहे. त्या नळीतून वीस हजार गोळ्याही झाडल्या गेल्या नव्हत्या. गोळी नळी सोडताना शेवटचा स्पर्श त्या कडेला करते, म्हणून तेथील लहानसा ओरखडाही ग्रुप उघडतो, म्हणजे गोळ्या पसरतात. सळई अखंड, आवरण असलेली आणि नेहमी चेंबरच्या बाजूने, मार्गदर्शक नळकांडे लावूनच घालावी. स्वच्छतेनंतर पहिल्या दहा-वीस गोळ्यांत नळी पुन्हा मेणाने माखली जाते, त्यामुळे त्या गोळ्यांवरून मत बनवू नये.

शिवाजी पार्ककर

आपणा दोघांचे मनापासून आभार. जुलैमध्ये लॉट बदलला होता, हे वहीत तपासल्यावर लक्षात आले. बोअरस्कोपमध्ये चेंबरच्या पुढे काळे कडे दिसले. जाणकाराकडून ते काढून घेतले आणि फायरिंग पिनची स्प्रिंगही बदलली. त्यानंतर शिकंज्यावर चार लॉट तपासले. एका लॉटच्या चाळीसही गोळ्या दहाच्या वर्तुळाएवढ्या जागेत बसल्या, दुसरा ठीक आहे, परंतु उरलेले दोन अजूनही उघडतात. कडे काढल्यावर तळाशी थोडा खरखरीतपणा शिल्लक दिसतो.

पन्नास मीटर

याचा अर्थ नळी चोखंदळ होऊ लागली आहे. नव्या नळीला चारपैकी तीन लॉट मानवतात, झिजू लागलेल्या नळीला एखादाच. जो लॉट बसला त्याची शक्य तितकी काडतुसे आताच घेऊन ठेवावीत. आठवड्यातून चार दिवस रोज १२० गोळ्या धरल्या तर वर्षाला सुमारे २५,००० होतात. एवढा सराव असेल तर दर सहा महिन्यांनी त्याच लॉटची शिकंज्यावर चाचणी घ्यावी आणि लक्ष्याचे कागद तारखेनिशी जपावेत. पुढे तोही लॉट उघडू लागला, तर लगेच नवी नळी मागवण्याऐवजी चेंबरकडील काही मिलिमीटर भाग कापून नवे चेंबर पाडता येते. रायफलच्या बांधणीत ते बसते का, हे आधी विचारावे. हे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदुकीचे भागही बंदुकीच्या व्याख्येत येतात, त्यामुळे नवी नळी घ्यायची झाल्यास कागदपत्रांना वेळ लागेल हे धरून सुरुवात लवकर करावी.

शिवाजी पार्ककर

त्या लॉटची पाच हजार काडतुसे आज नोंदवली. पुढील चाचणी मार्चमध्ये घेऊ आणि तिचे मोजमाप येथेच लिहीन.