पॉयरोची अखेर: आधी कादंबरी की मालिका?

खानापूर: अगाथा ख्रिस्ती यांची गुप्तहेर पॉयरोवरील रहस्यकादंबरी ‘कर्टन’ वाचनालयातून आणली आहे; तिच्यावरील २०१३ चा पॉयरोच्या दूरचित्रवाणी मालिकेतील भाग आधी पाहिला, तर रहस्याची गोडी कमी होईल का?

निपाणी: कादंबरीच आधी वाचावी, कारण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून जपून ठेवलेली आणि १९७५ मध्ये प्रकाशित झालेली ही कथा पॉयरोचा मित्र हेस्टिंग्ज याच्या निवेदनातून येते, त्यामुळे त्याच्या नजरेतून जे सुटते तेच आपल्याही नजरेतून सुटते, कॅमेऱ्याला हे पूर्णपणे साधत नाही.

शहापूर, बेळगाव: मला मात्र १९८९ पासून मालिकेत पॉयरोची भूमिका जगलेले अभिनेते डेव्हिड सूशे चाकांच्या खुर्चीत खंगलेले पाहताना हुंदका आवरला नाही.

निपाणी: ताई, मलाही नाही. खानापूरकर, कादंबरीतले शेवटचे पत्र मात्र एका बैठकीत वाचा.