मोजलेले सौर प्रारण पीव्हीसिस्टमध्ये घातल्यावर सकाळ-दुपारचा मेळ बसत नाही

माळरान (प्रश्न):
नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातील ५ मेगावॅटच्या एका सौर प्रकल्पाची देखभाल माझ्याकडे आहे. आवारात दोन पायरॅनोमीटर (सौर प्रारण मोजणारी यंत्रे) आहेत. एक आडवा बसवलेला आहे आणि दुसरा पॅनेलच्याच कलात, दक्षिणेकडे १८ अंशांत आहे. डेटालॉगर दर १५ मिनिटांची सरासरी नोंदवतो. आजवर आम्ही मेटिओनॉर्म या हवामान-माहितीसंचातील सरासरी वर्षावर विसंबून होतो, परंतु फेब्रुवारीत उत्पादन अपेक्षेपेक्षा कमी आल्यामुळे दोष यंत्रणेचा की उन्हाचा हे ठरवण्यासाठी त्या महिन्याचे मोजलेले आकडे प्रथमच पीव्हीसिस्ट या सौर उत्पादनाचे सिम्युलेशन करणाऱ्या संगणक कार्यक्रमात घातले. महिन्याची बेरीज वीजमीटरशी चांगली जुळते. मात्र तासवार पाहिल्यास सिम्युलेशन सकाळी मीटरपेक्षा कमी आणि दुपारनंतर जास्त वीज दाखवते, शिवाय संध्याकाळच्या काही नोंदी निरभ्र आकाशाच्या मर्यादेपलीकडे गेल्याची सूचना येते. चूक कोठे शोधावी, आणि दोहोंपैकी कोणत्या यंत्राचे आकडे द्यावेत?

सावलीमापक:
आपण सांगितलेली लक्षणे वेळेच्या नोंदीची आहेत. १२:४५ अशी नोंद म्हणजे १२:३० ते १२:४५ ची सरासरी, की १२:४५ ते १:०० ची, हे लॉगरनुसार बदलते. आपला लॉगर कालखंडाच्या शेवटची वेळ लिहीत असेल आणि आयात करताना ती सुरुवातीची मानली गेली असेल, तर सगळे ऊन १५ मिनिटे उशिरा सरकते. कार्यक्रम सूर्याची उंची आपल्या हिशेबाने काढतो, त्यामुळे सकाळी त्या उंचीच्या मानाने ऊन कमी दिसते, त्यातला विसरित (आकाशात विखुरलेला) भाग जास्त धरला जातो आणि थेट किरणांचा वाटा घटतो. दुपारनंतर नेमके याच्या उलट घडते. महिन्याच्या बेरजेत या दोन चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खातात, म्हणून केवळ बेरीज पाहून समाधान मानू नये.

तपासणी सोपी आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली असून सोलापूर सुमारे ७५.९ अंशांवर आहे, म्हणजे तेथील माध्यान्ह दर अंशाला ४ मिनिटे याप्रमाणे साधारण २६ मिनिटे उशिरा होते. फेब्रुवारीच्या मध्यास त्यात कालसमीकरणाची (घड्याळाची वेळ आणि सूर्याची वेळ यांतील वर्षभर बदलणाऱ्या फरकाची) आणखी १४ मिनिटे मिळतात आणि सूर्य १२:४० च्या सुमारास माथ्यावर येतो. नोव्हेंबरच्या आरंभी तेच समीकरण १६ मिनिटे उलट दिशेने असल्यामुळे माध्यान्ह १२:१० लाच होते. दोन्ही महिन्यांतला एकेक स्वच्छ दिवस घेऊन प्रारणाच्या आलेखाचा मध्य या वेळांशी ताडून पाहा. फरक दोन्हीकडे सारखा असेल तर दोष नोंदीच्या पद्धतीचा आहे. तो वाढत गेला असेल तर लॉगरचे घड्याळच भरकटले आहे, आणि मग एकच दुरुस्ती वर्षभर चालणार नाही. यासाठी आडव्या यंत्राचाच आलेख घ्यावा, कारण कललेल्या यंत्राची दिशा जराशी चुकली तरी त्याचा माथा सरकतो.

थर्मोपाइल:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. कललेल्या पातळीचे आकडे दिल्यास पीव्हीसिस्ट आधी त्यांचे उलट गणित करून आडव्या पातळीवरचे प्रारण काढते आणि मग ते पुन्हा कलावर नेते. सूर्य क्षितिजाजवळ असताना या फेऱ्यात चूक वाढते. म्हणून माझे मत असे की आडव्या यंत्राचे आकडे सिम्युलेशनला द्यावेत आणि कललेल्या यंत्राशी निकाल ताडून पाहावा. पुढेमागे त्या जागी संदर्भ सेल (प्रारण मोजण्यासाठीचा छोटा सौर सेल) बसवलात, तर एवढे ध्यानात असू द्या की तिरप्या किरणांचे परावर्तन सेलच्या काचेवर आधीच झालेले असते. तोच तोटा कार्यक्रमात पुन्हा धरला तर तो दोनदा वजा होतो.

माळरान:
दोघांचेही आभार. फेब्रुवारीत आलेखाचा मध्य १२:५५ ला आणि नोव्हेंबरात १२:२५ ला आला, म्हणजे फरक १५ मिनिटांचाच आणि स्थिर. दुरुस्तीनंतर सकाळ-दुपार जुळली आणि सूचनाही गेल्या. मात्र आता दोन धुलाईंच्या मधल्या काळात मीटर हळूहळू सिम्युलेशनच्या मागे पडताना दिसतो. पायरॅनोमीटरची काच रोज पुसली जाते, पॅनेल मात्र पंधरा दिवसांनी धुतली जातात.

सावलीमापक:
तो फरक खरा आहे, तो धुळीच्या तोट्यात महिनावार भरावा; पायरॅनोमीटर पुसणे बंद करून आकडे जुळवण्याचा मोह आवरावा. आणखी एक गोष्ट. या एका वर्षाच्या मोजणीवरून पुढील पंचवीस वर्षांचे उत्पादन मांडू नका. दहा वर्षांहून अधिक काळाची उपग्रहाधारित मालिका घ्या, दोन्हींच्या समान काळावरून त्या मालिकेतली सातत्याने एकाच दिशेने होणारी चूक दुरुस्त करा आणि ती वापरा. नासा पॉवर या उपग्रहाधारित माहितीसंचातील सौर आकड्यांचा एक चौकोन एक अंशाचा, म्हणजे दक्षिणोत्तर सुमारे ११० किलोमीटरचा असतो, हे निवड करताना लक्षात घ्यावे. लॉगर बंद पडलेले दिवस उपग्रहाच्या आकड्यांनी भरले असतील, तर त्या ओळींवर खूण ठेवा.