मदत हवी आहे: इअरबड्स फोनला पेअर होत नाहीत, उजव्या बडची लाईटच लागत नाही

हरिपूररोड (सांगली)

इअरबड्स 14 महिन्यांचे आहेत, वॉरंटी संपलेली. फोन अँड्रॉइड 13 चा. आईच्या फोनला आणि विंडोज 11 च्या लॅपटॉपलाही आधी जोडले होते. आठ दिवसांपासून फोनला जोडतच नाहीत.

डबी उघडली की यादीत एकाच नावाच्या दोन ओळी येतात, एका नावाआधी ‘एलई’ असतं. एलईवाल्या ओळीवर टॅप केलं की क्षणभर ‘कनेक्टेड’ येतं आणि जातं. दुसरीवर टॅप केलं की पिन किंवा पासकी चुकीची असल्याचा मेसेज. डबीत ठेवल्यावर डाव्या बडची लाल लाईट लागते, उजव्याची नाही. डबीचं बटण 10 सेकंद दाबून दोनदा रीसेट केलं, फोनही बंद-चालू केला. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांच्या वेळी दिवसभर वापरते. शिवाय नव्या सी-टू-सी (केबलच्या दोन्ही टोकांना टाइप-सी) चार्जरवर डबी चार्ज होत नाही, जुन्या केबलवर होते. नवे घ्यायच्या आधी काय काय तपासू?

मिरजजंक्शन

ताई, फोन तूर्त बाजूला ठेवा. उजव्याची लाईट लागत नाही, सगळी गाठ तिथे आहे.

डबी नुसती चार्ज करत नाही. डबीतल्या बारीक पिनांमधून वीज येते की नाही यावरूनच सहसा बडला कळतं, आपण आत आहोत की बाहेर. संपर्क तुटला की बड डबीत असूनही स्वतःला बाहेर समजतो, बॅटरी संपेपर्यंत चालू राहतो आणि मग बंद पडतो. बहुतेक मॉडेलमध्ये डबीच्या बटणाचा रीसेटसुद्धा याच पिनांतून बडला पोचतो. म्हणजे तुमचे दोन्ही रीसेट फक्त डाव्याला लागले. त्याने फोनची जुनी ओळख पुसली, फोनने मात्र ठेवली. पासकी चुकीची म्हणतोय तो त्यामुळे.

आता सफाई. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, मोबाईल दुरुस्तीवाले ‘आयपीए’ म्हणतात. सॅनिटायझर नको, त्यातल्या ग्लिसरीनचा थर बसतो. कान साफ करायच्या काडीचा बराचसा कापूस काढून टाका, उरलेला नुसता ओला करा, ठिबकायला नको. आधी बडवरचे सोनेरी ठिपके पुसा. घाम आणि धुळीचा थर जमला की ते काळपट किंवा हिरवट दिसतात. पॉलिश पेपरने घासू नका, वरचा मुलामा गेला की ठिपके कायमचे गंजतात.

मग डबीतल्या पिना. त्यांच्याखाली स्प्रिंग असते. लाकडी टूथपिकने एकेक पिन हलकेच दाबून बघा, खाली जाऊन लगेच वर यायला हवी. डावीकडच्या पिनांशी उंची ताडून पाहा. हळदीची पूड बारीक असते, स्प्रिंगमध्ये शिरली की पिन अर्ध्यात अडकते. अशा पिनेवर आयपीएचा थेंबभर ओलावा देऊन 15-20 वेळा दाबा-सोडा. सुई किंवा पिनकाटा अजिबात नको, डबीत बॅटरी आहे, दोन पिना शॉर्ट होतील. दहा मिनिटं उघडी वाळू द्या.

रबरी टिप मोठ्या मापाची घातली असेल तर तीही काढून बघा. बड अर्धा मिलिमीटर जरी वर राहिला तरी पिन टेकत नाही.

पोवईनाका (सातारा)

सी-टू-सीचं कोडं वेगळं आहे, त्याची काळजी करू नका. टाइप-सी चार्जर समोरच्या वस्तूत 5.1 किलो-ओहमचे रेझिस्टर (विजेला अडथळा करणारे छोटे भाग) दिसल्याशिवाय वीज सोडतच नाही. बऱ्याच स्वस्त डब्यांमध्ये ते बसवलेलेच नसतात. ए-टू-सी केबल (चार्जरकडे जुनं चपटं यूएसबी टोक, डबीकडे टाइप-सी) आणि 5 व्होल्ट 1 अँपिअरचा साधा चार्जर वापरा.

उजव्याची लाईट लागली तरी लगेच जोडायला जाऊ नका, तासभर डबीतच राहू द्या. पूर्ण उतरलेली लिथियम बॅटरी सुरुवातीला फार हळू चार्ज होते. नंतर याच क्रमाने करा:

1. आईच्या फोनचं आणि लॅपटॉपचं ब्लूटूथ बंद. डबी उघडताच बड आधीच्या ओळखीच्या उपकरणाकडे धावतात आणि पेअरिंगमध्ये येतच नाहीत.
2. तुमच्या फोनमधून दोन्ही ओळी ‘फरगेट’ करा, फोन रीस्टार्ट करा.
3. दोन्ही बड डबीत, दोघांच्याही लाईट चालू, झाकण उघडं, मग रीसेट. बटण किती सेकंद दाबायचं हे तुमच्या मॉडेलच्या माहितीपत्रकात बघा. मागे बटण असलेल्या एअरपॉड्सना 15 सेकंद लागतात, लाईट आधी केशरी आणि मग पांढरी होते.
4. एलई नसलेल्या ओळीवरच टॅप करा. एलईची (लो एनर्जी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथची) ओळ बहुधा कंपनीच्या ॲपसाठी असते, तिच्यावरून आवाज येत नाही.

एवढ्यावरही पासकीचा मेसेज आला तर सेटिंग्ज, सिस्टिम, रीसेट ऑप्शन्समधून वायफाय-ब्लूटूथ रीसेट करा. वायफायचे पासवर्ड पुसले जातात, आधी लिहून ठेवा.

हरिपूररोड (सांगली)

उजव्या बाजूची एक पिन खालीच बसली होती. दुसऱ्या सफाईनंतर वर आली आणि लाईट लागली. तासभर चार्ज करून क्रमाने सगळं केलं. पासकीचा मेसेज गेला. आता यादीत डावा आणि उजवा वेगवेगळे दिसतात, एका वेळी एकाच कानात आवाज येतो.

मिरजजंक्शन

पिन सुटली म्हणजे अवघड काम झालं. आता बडचं एकमेकांशी नातं तुटलंय, कारण आधी एकटा डावा रीसेट झाला होता. बड आधी आपसात जोडले जातात आणि मगच एक नाव घेऊन फोनसमोर येतात. मध्येच फोनने एकाला उचललं की दुसरा एकटा पडतो.

म्हणून दोन्ही नावं फरगेट करा आणि घरातल्या सगळ्या फोनचं ब्लूटूथ बंद ठेवा. दोन्ही बड डबीत घालून परत रीसेट, मग एकदमच बाहेर काढून शेजारी ठेवा. अर्धा मिनिट हात लावू नका. सहसा एकाची लाईट विझते आणि दुसऱ्याची लुकलुकत राहते, ते जोडले गेल्याचं लक्षण. तसं झाल्यावरच फोनचं ब्लूटूथ चालू करा. नाहीच झालं तर माहितीपत्रकात दोन्ही टचपॅड एकाच वेळी दाबून धरायची पद्धत दिली आहे का बघा.

हरिपूररोड (सांगली)

जुळले! एकच नाव, दोन्ही कानांत आवाज. लॅपटॉपला मात्र सापडत नाहीत.

पोवईनाका (सातारा)

लॅपटॉपमधली जुनी नोंद ‘रिमूव्ह’ करा. मग ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, डिव्हायसेसमध्ये ‘ब्लूटूथ डिव्हाइस डिस्कव्हरी’ आहे, ती ‘डीफॉल्ट’वरून ‘ॲडव्हान्स्ड’ करा. डीफॉल्टवर काही उपकरणं यादीत येतच नाहीत. जोडताना फोनचं ब्लूटूथ बंद ठेवा आणि बड हाताने पेअरिंगमध्ये आणा. यूएसबी 3 चा पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क लावलेली असेल तर काढा, तिचा गोंगाट ब्लूटूथच्याच 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात येतो.

मिरजजंक्शन

आणि ताई, गोदामात डबीचं झाकण उघडं टाकू नका. बड आत ठेवण्यापूर्वी कोरड्या सुती कापडाने घाम आणि पूड पुसा. पंधरा दिवसांनी एकदा पिनांवरून कोरडा मऊ टूथब्रश फिरवा. ती पिन परत अडकली तर स्प्रिंग गेली समजा. मग फक्त डबी बदलावी लागेल, बड चांगले आहेत. मात्र डबी त्याच मॉडेलची घ्या, आकार बसला तरी पिनांच्या जागा जुळतीलच असं नाही.