घरात रमणारे लोक अधूनमधून बाहेर पडता तेव्हा कुठे जाता?

उंबरठा
मी नाशकात एकटी राहते, भाषांतराचं काम, सगळं घरूनच. सकाळी गॅलरीत चहा, मग काम, जेवण, थोडं वाचन, परत काम, रात्री मुगाची खिचडी नाहीतर भाकरी. कधीकधी आठवडा आठवडा दूधवाले काका आणि कुरिअरवाला सोडून कोणाशी बोलणं होत नाही आणि मला हे मनापासून आवडतं, त्यामुळे प्लीज काळजी करू नका. पण मधेच कधीतरी पाय शिवशिवायला लागतात. गेल्या हिवाळ्यात असंच पहाटे उठून नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेले, निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमाजवळ, २०२० मध्ये आपल्या राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे जगभरात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं ते. चापडगावच्या बाजूला मनोरे आहेत तिथे गाईडने टेलिस्कोप लावून जांभळी पाणकोंबडी दाखवली. लालभडक चोच, लांबच लांब बोटं, आणि एका पायात पाणवनस्पतीचा देठ उचलून धरून खात होती, आपण उसाचं कांडं धरतो ना अगदी तसं! मी कितीतरी वेळ तेवढंच बघत बसले, कोणी "चला आता पुढे" म्हणणारं नव्हतं. दुपारी घरी येऊन वरणभात खाल्ला आणि पुढचे कित्येक दिवस काम नुसतं पळत होतं.

तर मला अशाच जागा सुचवा. ग्रुप नको, मुक्काम नको, रात्री आपल्या गादीवर झोपायला मिळालं पाहिजे. आणि अजून एक, आई दर वेळी फोनवर "कोणाबरोबर गेली होतीस?" विचारते आणि एकटीच म्हटलं की गप्प होते. तुम्ही घरी कसं सांगता?

खारा_वारा
पंचवटी एक्सप्रेसने सकाळी मुंबईत ये, भाऊच्या धक्क्यावरून रोरोने (गाड्याही नेणारी मोठी बोट) अलिबागजवळच्या मांडव्याला जा, साधारण तासाभराचा प्रवास आहे, वरच्या डेकवर उभी राहा. पलीकडे जेट्टीवर काहीतरी खा आणि परत फीर, संध्याकाळची पंचवटी आरामात मिळते. मी अलिबागला न जाता नुसता असा जाऊन-येऊन करतो, लोकांना पटत नाही पण मला बोटच हवी असते. थंडीत सीगल बोटीच्या मागे मागे येतात, फक्त लोक त्यांना कुरकुरे घालतात ते तेवढं तू करू नकोस.

तिसरी_घंटा
नाटक!! मी एकटीच जाते, मैत्रिणींच्या तारखा जुळवत बसलं की नाटक उतरून जातं. एकच तिकीट असलं की ऐनवेळीही बऱ्याचदा पुढची खुर्ची मिळते हा मोठा फायदा. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात मध्यंतरात वडा आणि कॉफी घेऊन कोपऱ्यात उभी राहते, शेजारच्या खुर्चीवरच्या काकू आपणहून बोलायला लागतात, दहा मिनिटं मस्त गप्पा होतात आणि पडदा वर गेला की दोघी आपापल्या जागी गप्प. मला माणसं एवढीच पुरतात. नाशकात कालिदास कलामंदिर आहेच की तुला, घरापासून फार लांब पण नसेल. फक्त एक, महिन्यातला एक दिवस ठरवूनच ठेव, नाहीतर घरातून पाय निघत नाही.

कृष्णाकाठ
उंबरठा ताई, मी साताऱ्याचा, पंचाहत्तरी ओलांडली आहे. बायको गेल्यापासून एकटाच असतो, सकाळी पूजा, पेपर, दुपारी रेडिओ, छान चाललंय. २०२२ पासून आमच्या वयाला एस.टी. फुकट झाली तेव्हापासून वाटलं की पिशवीत पाण्याची बाटली टाकून निघतो. बहुतेक वेळा वाई आणि तिथून मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, आणि घाटावरच्या देवळात ती मोठी घंटा, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हाच्या लुटीतली, पोर्तुगीज चर्चमधली. तिथे पायरीवर बसलं की वेळ कसा जातो कळत नाही. २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या.

आईचं म्हणाल तर माझी मुलगीही अशीच विचारायची. आता मी स्टँडवरून निघताना एक मेसेज आणि पोचलो की एक फोटो टाकतो. तिला काळजी सोबतीची नव्हतीच, मी कुठे आहे ते कळत नाही याची होती. तुमच्या आईंना विचारून बघा.

उंबरठा
काका, मेसेजचं आजपासूनच सुरू करते, आणि त्या पाणकोंबडीचा फोटो आईला दाखवलाच नव्हता, तो आत्ता पाठवला. मेणवली मात्र नाशिकहून एका दिवसात होणार नाही, पुण्यात मावशीकडे जाईन तेव्हा नक्की.
@तिसरी_घंटा, कालिदास चालेल, पण दिवस ठरवून ठेवणं नको गं, ठरवलं की ते पण कामाच्या यादीत जाऊन बसतं आणि मग मला आदल्या रात्रीपासून कंटाळा येतो. मनात आलं की निघायचं यातच मजा आहे.
@खारा_वारा, रोरोचं तिकीट आधी काढावं लागतं का?

खारा_वारा
ऑनलाईन काढून ठेव, शनिवार-रविवारी गर्दी असते. तू मधल्या वाराला ये, तुला सुट्टीचं बंधन नाहीये ना. आणि पावसाळ्यात येणार असशील तर निघण्याआधी बोट चालू आहे का ते बघ, हवा खराब असली की फेऱ्या रद्द होतात.